प्रकरण चौदावे : हसण्यापुरती उशी

"ऋतुजा सून होऊन येईपर्यंत आपल्या घराण्यातल्या एकाही बाईच्या पोटाला चाकू लागला नव्हता," असं सर्जेरावांनी हॉलच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं, आणि ते अगदी खरं होतं. घराण्यातले चाकू आजवर सर्जेरावांच्याच पोटाला लागले होते. एकदा अपेंडिक्ससाठी, एकदा पित्ताशयातल्या खड्यांसाठी आणि मागल्या वर्षी हर्नियासाठी. हर्नियाच्या वेळी डॉक्टरांनी आत जाळी बसवली होती आणि ती सर्जेराव पाहुण्यांना सदरा वर करून दाखवत. जाळी आत असल्यामुळे दिसत नसे. पण बुजवलेल्या विहिरीची जागा दाखवावी तसं ते बोट ठेवून "इथं हाय" म्हणत, आणि पाहुणे मान डोलवत. त्या ऑपरेशननंतर सबंध पावसाळा ते पलंगावर होते. उशाशी ठेवलेला तांब्यासुद्धा त्यांनी स्वतः उचलला नव्हता.

हे आत्ता आठवलं ते फक्त त्यांच्या बायकोला. सरुबाई अळिवाच्या खिरीची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याच्या पोटाकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, आणि वाटी घेऊन सुनेच्या खोलीकडे निघाल्या. सरुबाईंना बोलता येत नसे अशातला भाग नव्हता. बोलायच्या आधी त्या जागा आहे का बघत, आणि या घरात जागा बहुधा कुणीतरी रुमाल टाकून आधीच धरलेली असे.

आत्ता ती वेणूबाईंनी धरली होती. वेणूबाई म्हणजे सर्जेरावांची थोरली बहीण. दिल्या घरी त्या सुखी होत्या आणि त्या नसताना घरचे लोक त्याहून सुखी असल्यामुळे वरचेवर इकडे येऊन राहत. आपण दोन म्हशींच्या धारांच्या मधल्या वेळात बाळंत झालो आणि दुसरी म्हैस खोळंबू दिली नाही, हे त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात नर्सलाही सांगून ठेवलं होतं.

ऋतुजाला हे जमलं नव्हतं. तिच्या कळा दोन रात्री आणि मधला सबंध दिवस चालल्या. सगळं घर व्हरांड्यात बसून होतं आणि प्रत्येकजण 'होईल, होईल' म्हणत होता, एक ऋतुजा सोडून. शेवटी बाळाचे ठोके मंदावले. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या की आता थांबता येणार नाही, सीझर करावं लागेल, आणि आत गेल्या. त्यावर घराण्याला शोभेल असं काय बोलावं याचा सर्जेराव विचार करत होते, तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली. बाळ ठणठणीत होतं. आईला ताप आला, टाक्यांचं एक टोक लाल झालं, त्यातून पाणी येऊ लागलं आणि दवाखान्यातला मुक्काम वाढला. सोडताना डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना उभं करून बजावलं होतं: बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, जिने नाहीत, धक्के नाहीत. "हे टोक उघडलं तर पुन्हा टाके घालावे लागतील. मग महिना-दोन महिने नुसतं ड्रेसिंग."

सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. जाळी बघताना पाहुणे डोलावतात तशाच.

खरं म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण ऋतुजाचं माहेर पेठेत, मंडईजवळ, तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे लेक माहेरी गेली नाही, माहेरच इकडे सासरी, वाघोलीत राहायला आलं. ऋतुजाची आई विमलाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. येताना त्यांनी आपला चहा, आपलं वर्तमानपत्र आणि आपलं मत बरोबर आणलं. पहिल्याच दिवशी वेणूबाईंनी बाळंतिणीच्या पलंगाखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, तेव्हा विमलाबाईंनी चष्मा पुसत विचारलं, "मुलीला बरं करायचंय की भाजायचंय, एवढं एकदा ठरवा. म्हणजे मी त्याप्रमाणे कोथिंबीर आणते." शेगडी बाहेर गेली. तेव्हापासून वेणूबाई विमलाबाईंशी थेट बोलत नव्हत्या. जे सांगायचं ते बाळाला सांगत.

सरुबाई या भांडणात कुणाच्याच बाजूने नव्हत्या. शेगडी मात्र त्यांनीच उचलून बाहेर नेली होती, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आजचा विषय शेगडीपेक्षा मोठा होता. विषय होता बग्गी.

मुलगी झाली म्हणून सर्जेराव खट्टू होतील असं गावात पुष्कळांना वाटत होतं, आणि नेमक्या त्याच कारणासाठी सर्जेराव झाले नाहीत. ते काळाबरोबर चालणारे गृहस्थ होते. काळ कुठे चाललाय एवढं कुणीतरी सांगावं लागे. त्यांच्या आईच्या, म्हणजे सोजरबाईंच्या नावाने त्यांनी शेतात मंगल कार्यालय काढलं होतं. त्या 'सोजराई लॉन्स'वर त्यांनी भावकीतल्या पोरग्यांची बारशी बघितली होती, त्यात फटाके होते, ढोल होता, पण बग्गी कुणी आणली नव्हती. नातीच्या बारशाला त्यांनी ती ठरवली. दोन पांढऱ्या घोड्यांची, छत्रीवाली. घरापासून लॉन्सपर्यंत, गावातून, बाळंतीण बाळाला मांडीवर घेऊन बसणार, पुढे ढोल. 'लेक वाचवा' म्हणणारे पुष्कळ आहेत, लेक मिरवणारे आपण पहिले, असं ते म्हणाले. फ्लेक्स लागला होता. त्यावर बाळापेक्षा सर्जेरावांचा फोटो मोठा होता, पण बाळ लहानच असतं.

या बेताला विरोध करणं अवघड होतं. बग्गी नको म्हणणारा माणूस लगेच मुलींच्या विरोधात जाऊन बसे. ऋतुजाच्या नवऱ्याने, इंद्रजीतने, एकदा प्रयत्न केला होता. "अण्णा, डॉक्टर म्हणाल्यात जर्क नको. आपण कारने आणू ना तिला, मागच्या गेटने," असं तो म्हणाला. सर्जेरावांनी त्याला शांतपणे विचारलं की मुलगा झाला असता तर मागच्या गेटने आणला असता का. इंद्रजीत बुकिंगची वही चाळू लागला. लॉन्सचं बुकिंग, वीज, पार्किंग सगळं तो बघे. बापापुढे बोलण्याचं खातं तेवढं त्याच्याकडे नव्हतं.

विमलाबाईंचं म्हणणं होतं की घोड्यांनाच नटवावं आणि घोड्यांचंच बारसं करावं, ऋतुजाला यात ओढू नये. त्यावर वेणूबाईंनी बाळाला सांगितलं की पेठेतल्या लोकांना कशाची हौस म्हणून नसते. आणि मग, जे व्हायचं तेच झालं. सर्जेरावांनी सरुबाईंचा दाखला काढला.

"इंद्रजीत झाला तवा तुझी सासू पाचव्या दिवशी रानात होती," ते खोलीच्या उघड्या दाराकडे तोंड करून म्हणाले. "कांद्याची काढणी चालू. डोक्यावर पाटी घिऊन. बग्गीत बसायला काय लागतंय, पोरी? बसायचंच हाय."

ही कथा घरातल्या प्रत्येकाने इतक्यांदा ऐकली होती की ती आता घराच्या सामानातच धरली जाई. सुरुवातीला तो दहावा दिवस होता. मग सोजरबाईंनी एका लग्नात आठवा सांगितला, सर्जेरावांनी एका वास्तुशांतीत सहावा केला, आणि हल्ली हल्ली तो पाचव्यावर स्थिरावला होता. असंच चाललं असतं तर इंद्रजीतचा जन्म कांद्याच्या वाफ्यात झाल्याचं नातवंडांना शिकवावं लागलं असतं. लॉन्सवर लग्न ठरवायला आलेल्या परक्या लोकांनाही सर्जेराव ही गोष्ट चहाबरोबर देत. सरुबाई अशा वेळी बाजूला उभ्या असत. हसत नसत.

त्या कधीच हसत नसत. यावरूनही त्यांचा लौकिक होता. 'सरुबाईंसारखं वजनदार माणूस भावकीत नाही,' असं बायका म्हणत. लग्नात विनोद झाला की सगळा मांडव हलायचा आणि सरुबाई ओठ मिटून, पाय जुळवून, समईसारख्या उभ्या. त्यांचा हा भारदस्तपणा बघून गावातल्या दोन सासवांनीही हसणं सोडलं होतं.

सरुबाईंनी खोलीत येऊन दार अर्धं लोटलं. पलंगावर ऋतुजा उताणी होती आणि उठायच्या तयारीत होती. उठणं हे हल्ली तिचं अर्ध्या तासाचं काम झालं होतं. आधी गुडघे उभे करायचे. मग सगळं अंग एका कुशीवर, ओंडका वळवावा तसं. मग पाय खाली सोडायचे आणि कोपरावर जोर देत वर यायचं. हे होईपर्यंत श्वास धरायचा नाही, असं दवाखान्यात शिकवलेलं, ती धरायचीच. पावलं सुजून भाकरीसारखी झाली होती. उभी राहिली तरी ती सरळ होत नसे. एक हात पोटाखाली लावून, वाकून, सांडणारं काही तरी नेत असल्यासारखी मोरीपर्यंत जाई. टाक्यांच्या वरची कातडी बधिर होती. तिथे हात लावला की दुसऱ्याच कुणाला तरी लावल्यासारखं वाटतं, असं ती म्हणाली होती.

आणि उशी. खोकला, शिंक किंवा हसू आलं की छोटी उशी पोटाशी घट्ट दाबून धरायची, म्हणजे टाक्यांना ओढ बसत नाही, असंही दवाखान्यातच सांगितलेलं. त्यामुळे ऋतुजाच्या हातात सदान् कदा ती निळ्या अभ्र्याची उशी असे. आईच्या तिरकस बोलण्यावर ती आधी उशी धरे आणि मग हसे.

सरुबाईंनी ही उशी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या होत्या.

ऋतुजा बसती झाली. सरुबाईंनी वाटी दिली. तिने दोन घास घेतले आणि खाली बघत म्हणाली, "आई, मी बसते बग्गीत."

सरुबाईंनी पाण्याचं भांडं तिच्या जवळ सरकवलं.

"आधीच नॉर्मल झाली नाही डिलिव्हरी. दोन दिवस सगळ्यांना ताटकळत ठेवलं आणि शेवटी सीझर. आता बग्गीला पण नाही म्हटलं तर अण्णांना वाटणार, हिला काहीच जमत नाही. दहा मिनिटांचा तर रस्ता आहे. उशी घेईन मांडीवर, शालीखाली."

"टोकातनं पाणी येतंय अजून?"

"थोडं. सकाळी ड्रेसिंगला लागलं होतं." मग ती म्हणाली, "तुम्ही खरंच गेला होता? पाचव्या दिवशी?"

सरुबाई दारापर्यंत जाऊन बघून आल्या. बाहेर सर्जेराव ढोलवाल्याशी फोनवर बोलत होते. दिवस कोणता होता ते सरुबाईंना आता धड आठवत नव्हतं; नवऱ्याला आणि सासूला इतकं पक्कं आठवत असताना त्यांनी वेगळं आठवायची गरज पडली नव्हती. पाटी मात्र आठवत होती. ओले कांदे, मातीसकट. बांध चढताना पोटात काहीतरी सुटलं आणि खाली उतरलं. त्यांना वाटलं, आणखी एक मूल राहिलं होतं की काय. त्या बांधावरच बसल्या. घरी येऊन सासूला सांगितलं, तर सोजरबाई म्हणाल्या, बायकांचं अंग असंच असतं, कंबर आवळून बांध. त्यांनी बांधली. ती अजून बांधलेलीच होती. जास्त उभं राहिलं की ते अंग खाली येई. शिंकलं की लुगडं भिजे, खोकलं की भिजे, आणि हसलं की सगळ्यात जास्त. म्हणून त्यांनी शिंक दाबायला शिकून घेतलं आणि हसणं बंद केलं. लोक त्याला वजन म्हणाले. नाही म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

"गेले होते," त्या म्हणाल्या. "परत कशी आले, ते अजून कुणी विचारलं न्हाई."

ऋतुजाने वाटी खाली ठेवली. "कशी आलात?"

"बसत बसत."

ऋतुजा त्यांच्याकडे बघत राहिली. सासूबाई खुर्चीत नेहमी कडेला, पाय घट्ट जुळवून बसतात. कुठल्याही कार्यात आधी मोरी कुठे आहे ते बघून ठेवतात. जड बादली उचलण्यापूर्वी एक हात पोटाखाली नेतात. चार वर्षं ती हे बघत होती. आपण आता तसाच हात नेतो, हेही तिच्या ध्यानात आलं असावं. "अजून त्रास होतो?" तिने हळू विचारलं. "डॉक्टरांना दाखवू या ना, आई. यावर उपाय असतो."

"पोरगी भुकेजली," सरुबाई म्हणाल्या. पोरगी गाढ झोपली होती.

पण त्या उठल्या त्या थेट हॉलमध्ये आल्या, आणि यावेळी जागा आहे का ते त्यांनी बघितलं नाही. नवऱ्याला त्या ओळखून होत्या. हा माणूस बैलासारखा आहे. समोरून अडवला तर शिंगं उगारतो, पण गळ्यात माळ घातली की नेऊ तिकडे येतो.

"बग्गी चांगलीच हाय," त्या म्हणाल्या.

विमलाबाईंनी वर्तमानपत्र खाली केलं. आपली विहीण बाजू बदलते आहे असं त्यांना वाटलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"फकस्त रीत तेवढी पाळा. सासूबाई सांगायच्या, घरात नवं वाहन आलं की आधी घरधन्यानं बसावं. गाव फिरून यावं. मग लक्ष्मीनं पाय ठेवावा. न्हाईतर वाहन लाभत न्हाई."

सोजरबाईंनी असं आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या काळात घरात आलेलं एकमेव नवं वाहन म्हणजे सायकल, आणि तिच्यावर पहिल्यांदा शेजाऱ्याचा पोरगा बसून पडला होता. सरुबाई बोलून गेल्या आणि मग त्यांना पहिल्यांदा भीती वाटली, कारण समोर सोजरबाईंची सख्खी मुलगी बसली होती.

वेणूबाईंनी क्षणभर विचार केला. आईची एखादी रीत वहिनीला माहीत आणि आपल्याला नाही, हे मान्य करणं त्यांना शक्य नव्हतं.

"म्हणायची की," त्या म्हणाल्या. "मलाच तर सांगायची. आणि बरुबर घरातली थोरली लेक बसवायची, ओवाळायचं ताट घिऊन."

"ते मी इसरलेच, वन्सं," सरुबाई म्हणाल्या.

रीत अशी पक्की झाली. सर्जेरावांना ती ऐकताक्षणी पटली. बारशाच्या आदल्या दिवशी बग्गी दारात यावी, आधी आपण गावातून फिरावं आणि मग सुनेचे चढतानाचे फोटो काढावेत, अशी त्यांनी त्यात सुधारणा केली. विमलाबाईंनी विहिणीकडे बघितलं, मग वर्तमानपत्र उचललं आणि ते उलटं धरून वाचू लागल्या. त्यांनी शाळेत अनेक वर्षं परीक्षांवर देखरेख केली होती. कोण काय करतंय ते त्यांना कळत असे, आणि कधी बघू नये तेही.

बग्गी आली. बग्गीवाला योगेश म्हणून होता. तो म्हणाला, रस्ता दाखवा, घोड्यांच्या पायाखालचा करून आणतो. सर्जेराव फेटा बांधून छत्रीखाली बसले. शेजारी वेणूबाई ताट धरून बसल्या. पुढे ढोल लागला आणि मागून स्कूटरवर इंद्रजीत निघाला. ऋतुजाला दाराशी खुर्चीत आणून बसवलं होतं, अंगावर शाल, शालीत उशी; दोघं परत आले की तिची पाळी होती. तिने सकाळी आवरताना पायरी चढण्याची तालीमही केली होती, पलंगाजवळच्या पाटावर, आणि त्यानंतर ती बराच वेळ भिंतीला टेकून उभी होती. सरुबाईंनी ते पाहिलं होतं. आता बग्गी वळणाआड जाईपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या आणि आपण चुकलो तर काय, याचा विचार करू लागल्या. रीत तर झाली. नवरा मजेत परत आला तर ही पोरगी उठून त्या पायरीवर पाय ठेवणार होती.

वाघोली महापालिकेत जाण्यापूर्वी सर्जेराव गावचे सरपंच होते, हे इथे सांगायला हवं. त्यांच्या कारकिर्दीत गावाला पाणी किती आलं यावर दोन मतं आहेत, पण गतिरोधकांबद्दल एकच मत आहे. भावकीतल्या एकाच्या दारापुढे त्यांनी गतिरोधक घालून दिला आणि दुसऱ्याला वाटलं, त्याच्या दारापुढे आहे आणि आपल्या दारापुढे नाही, म्हणजे आपली किंमत नाही. सर्जेरावांनी कुणालाच नाराज केलं नाही. ज्याची कुरबुर मोठी त्याचा गतिरोधक उंच. गाडीतून जाताना सर्जेरावांना हे कधी जाणवलं नव्हतं, कारण त्यांची गाडी मोठी होती आणि ते बहुधा झोपलेले असत. बग्गीला लाकडी चाकं होती.

पहिल्या दोन दारांपर्यंत ढोलाचा आवाज छान येत होता. मग तो थांबला. मग पुन्हा थोडा वाजला आणि पुन्हा थांबला. मग नुसतं घोड्याचं खिंकाळणं ऐकू आलं.

बऱ्याच वेळाने वळणावरून आधी बग्गी आली. ती रिकामी होती. मागून इंद्रजीतच्या स्कूटरवर वेणूबाई आल्या, एका कुशीवर बसून, दोन्ही हात कमरेवर. ताट वाटेत कुणाच्या तरी गतिरोधकाला अर्पण झालं होतं. आणि सगळ्यात शेवटी सर्जेराव आले, चालत. फेटा कानावर आला होता. एक हात पोटाखाली लावलेला, कंबरेत वाकलेले, पावलापावलाला थांबत. सांडणारं काही तरी नेत असल्यासारखे.

ऋतुजाने ती चाल ओळखली. तिने शालीतली उशी पोटाशी घेतली.

इंद्रजीतने बापाला आधार देऊन सोफ्यावर बसवायला घेतलं. सर्जेरावांना एकदम बसता येईना. आधी कुशीवर, मग कोपरावर, असं सरुबाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, आणि ते तसे टेकले. जाळी जागेवर आहे का, असं त्यांनी बायकोला हळूच विचारलं. सरुबाई म्हणाल्या, इथंच असंल, जाईल कुठं.

वाघोलीचा तोरा आणि पेठेचा शहाणपणा, दोघांनीही तोंडावर हात ठेवला होता. सर्जेराव पाणी प्यायले, त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, आणि ज्या आवाजात त्यांनी ग्रामसभा चालवल्या होत्या त्या आवाजात घसा साफ केला. सगळ्यांना कळलं की घोषणा आहे.

"मी विचार केला," ते म्हणाले. "बग्गी रद्द. मुक्या जनावराचे लई हाल होतात. आपल्या घराण्यात आजवर जनावराला तरास दिलेला न्हाई."

"न्हाईच मुळी," वेणूबाई उशा रचून आडव्या झालेल्या होत्या तिथून म्हणाल्या. बाळ जवळ नव्हतं, त्यामुळे त्यांना ते सगळ्यांना सांगावं लागलं.

बारसं घरातच होईल, सर्जेरावांनी पुढे सांगितलं. बाळंतीण खुर्चीत बसेल. पाटावरच बसलं पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. लॉन्सवरचं जेवण सव्वा महिन्यानंतर, जुन्या रितीप्रमाणे. घाई करणारे लोक त्यांना कधीच आवडले नव्हते. इंद्रजीतने लगेच ढोलवाल्याला फोन लावला, त्यांचं मन बदलायच्या आत. ऋतुजाने डोळे मिटले आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिने धरून ठेवलेला श्वास सोडला.

विमलाबाईंनी वर्तमानपत्राची व्यवस्थित घडी घातली.

"घोड्यांचं ऐकून बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "मी बघत होते ना. दोघंही अगदी सरळ चालत परत आले."

ऋतुजाने उशी दोन्ही हातांनी दाबली आणि ती हसली. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इंद्रजीत पाठ करून खिडकीशी गेला, त्याचे खांदे हलत होते. सर्जेराव छताकडे बघत होते. आणि सोफ्यामागून एक आवाज आला, कुणाचा ते पहिल्यांदा कळेना, कारण तो या घरात कुणी ऐकलाच नव्हता. जुनं दार उघडताना येतो तसा, आधी करकर आणि मग एकदम मोकळा. सरुबाई हसत होत्या.

त्यांनी ओठ मिटून बघितले. मिटेनात. पाय जुळवले, पदर तोंडाशी नेला, सोफ्याची पाठ धरली. इंद्रजीत खिडकीतून वळला आणि आईकडे बघतच राहिला. तो बत्तीस वर्षांचा होता आणि आईचे दात त्याने नीट असे आजच पाहिले. सर्जेरावांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पोटात ओढ बसली म्हणून सोडून दिला, आणि वर बघूनच विचारलं की काय झालं. भावकीतल्या सगळ्यात वजनदार बाईला काय झालं ते कुणालाच सांगता येईना.

सरुबाई एक हात पोटाखाली लावून, वाकत, ऋतुजाच्या खुर्चीपर्यंत आल्या. सुनेने वर बघितलं. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि दोघींचाही श्वास लागला होता.

"तुझं हसून झालं असंल," सरुबाई म्हणाल्या, "तर ती उशी जरा इकडं दे."